आधी जागा विचार

प्रिय बाळ,

तुझं पत्र आणि सोबत जोडलेला निबंधाचा मसुदा, दोन्ही वाचून झालं. पत्र आवडलं. मसुदा वाचून मात्र रागावलो, आणि त्या रागातच लिहायला बसलोय, तेव्हा सांभाळून घे.

पत्रात तू म्हणतेस, एक बाई बजावतात की अठराव्या शतकातल्या बाखच्या रचना वाजवताना सूर लांबवणाऱ्या उजव्या पेडलवर पाय ठेवायचाच नाही, सूर सुटे सुटे काढायचे. दुसरे सर म्हणतात, पियानोला पेडल दिलंय ते वापरण्यासाठीच. बाखला पियानो मिळाला असता तर त्यानेही वापरलं असतं. दोघंही जाणकार. त्यांच्या मधे सापडून तू आता साधा सी मेजरचा प्रेल्यूडसुद्धा बिचकत वाजवतेस. शिवाय युरोपातल्या त्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा तर पियानो सोडून त्याच्या आधीचा, तारा छेडणारा हार्पसिकॉर्डच धरावा का, हाही घोर लागलाय. हा गोंधळ खरा आहे आणि मला तो मोलाचा वाटतो.

पण मसुद्यात काय लिहितेस? ‘ऑर्गन, क्लॅविकॉर्ड आणि हार्पसिकॉर्ड या प्राथमिक वाद्यांच्या मर्यादा ओलांडत अखेर पियानोचा परिपूर्ण आवाज जन्माला आला.’ हे वाक्य तुझं नाही. ते परीक्षेच्या गाइडांमधून फिरत फिरत तुझ्यापर्यंत आलंय. मीही ते तुझ्या वयात पाठ केलं होतं आणि त्यावर गुण मिळवले होते. त्या वाक्यावर विश्वास ठेवल्यामुळेच तुला पेडलचा प्रश्न सुटत नाहीये, हे तुझ्या लक्षात आलंय का?

तू कष्टाळू आहेस, तुझा कान चांगला आहे, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. कुठलंही जुनं वाद्य, कुठलीही जुनी रचना समोर आली, की आधी जागा विचार. हे कुठे वाजत होतं? छत दगडी होतं की लाकडी, की वर उघडं आभाळ? ऐकणारी माणसं किती होती, आणि ती गप्प बसलेली होती की जेवत होती? त्यानंतर सन विचार, शैली विचार, संगीतकाराचं नाव विचार.

ऑर्गनचंच बघ. तू त्याला ‘चर्चचं वाद्य’ म्हणून मोकळी झालीस. त्याचा जन्म चर्चमध्ये झालेला नाही. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्टेसिबिअस नावाच्या यंत्रज्ञाने पाण्याच्या दाबावर हवा स्थिर ठेवून नळ्या वाजवणारं हे वाद्य बनवलं, आणि रोमन लोकांनी ते उघड्या रिंगणात नेलं. लिबियात झ्लितेनला सापडलेल्या मोझेकमध्ये ग्लॅडिएटर लढताहेत आणि शेजारी शिंगं फुंकणाऱ्यांच्या सोबत एक बाई ऑर्गन वाजवते आहे. बुडापेस्टजवळच्या अ‍ॅक्विंकममध्ये १९३१ साली एका छोट्या ऑर्गनचे अवशेष सापडले. त्यावरच्या धातूच्या पट्टीवर इसवी सन २२८ची नोंद आहे. चार ओळींत तेरा-तेरा, अशा बावन्न नळ्या. तो तिथल्या कारागिरांच्या संघाला भेट दिलेला होता. पुढे ७५७ साली बायझंटाइन सम्राटाने फ्रँकांचा राजा पेपिन याला ऑर्गन पाठवला, तोही राजदरबाराची शान म्हणून. चर्चमध्ये तो रुळला त्यानंतर. इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या ऑर्गनवर दहाव्या शतकातल्या वुल्फस्टनने कविता केली आहे. तीत चारशे नळ्या, सव्वीस भाते आणि ते हलवणारे सत्तर पुरुष आहेत. कवीने आकडे फुगवले असतील, पण आवाजाने लोक कानांवर हात ठेवत होते हे त्याचं म्हणणं मी खरं मानतो, कारण दगडी इमारतीत इतक्या नळ्या एकदम वाजल्या तर दुसरं होणार तरी काय? जुन्या मोठ्या ऑर्गनमध्ये नळ्यांच्या ओळी वेगवेगळ्या बंद करण्याची सोय नसे. एक पट्टी दाबली की तिच्या सगळ्या नळ्या बोलत. तू त्याला मर्यादा म्हणशील. मी म्हणतो, त्या भिंतींमध्ये तेच हवं होतं.

आता एक गोष्ट, जी तुझ्या मसुद्यात अजिबात नाही आणि जी मला फार प्रिय आहे. पंधराव्या शतकात बर्गंडीच्या दरबारात वाद्यांची विभागणी तंतुवाद्य-सुषिरवाद्य अशी करत नसत. ‘ओ’ आणि ‘बा’ असे दोन गट असत, म्हणजे दमदार वाद्यं आणि मृदू वाद्यं. शॉम, तुतारी, सॅकबट हा आजच्या ट्रॉम्बोनचा पूर्वज, नगारे, ही दमदार. ल्यूट, हार्प, व्हिएल, रेकॉर्डर ही मृदू. पहिली मैदानात, मिरवणुकीत, मेजवानीच्या दालनात वरच्या सज्जातून. दुसरी दालनात, शयनगृहात, चारचौघांत. दोन्ही सहसा एकत्र येत नसत. हे तुला कळायला जड का जावं? आपल्या देवळांच्या महाद्वारावर नगारखाना असतो, तिथे सनई-चौघडा वाजतो. गाभाऱ्यासमोर बसून कीर्तनकार वीणा छेडतो. वीणा ही सनईची प्रगत आवृत्ती आहे असं तुझी आजी कधी म्हणाली का? शॉम तर सनईच्याच कुळातला, तोंडाशी दुहेरी पत्ती, पुढे रुंदावत जाणारी नळी. तू तुझ्या घरातून जे जाणतेस ते युरोपविषयी लिहायला बसल्यावर का विसरतेस? पुस्तक उघडलं की आपण आपला कान बाजूला ठेवतो. मी वर्षानुवर्षं ठेवला. ती वर्षं आता मला परत कोण देणार?

पॅरिसच्या नोत्र दामकडे ये. तू तिथला संगीतकार पेरोतँ याचं ‘व्हिदेरुंत ओम्नेस’ ऐकलंस आणि पत्रात लिहिलंस, ‘सर, हे अपूर्ण वाटतं, पुढे काही घडतच नाही.’ किती अवधानाने ऐकलंस ते कळलं. आणि कशावर ऐकलंस? कानात बोंडं घालून, बसमध्ये. अगं, ही चार आवाजांची रचना ११९८च्या सुमाराची, पॅरिसच्या त्या कॅथेड्रलसाठी. ११६३च्या सुमारास पायाभरणी झाली होती, वेदीची प्रतिष्ठापना ११८२मध्ये झाली, आणि पुढचा भाग अजून बांधून व्हायचा होता. खालचा आवाज जुन्या ग्रेगोरियन चालीचा एकेक सूर धरून उभा राहतो, इतका वेळ की पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षरच संपता संपत नाही. वरचे तीन आवाज त्यावर नाचत असतात. त्या दगडी कमानींखाली सूर सुटला की तो कितीतरी वेळ विरत नाही. अशा ठिकाणी दर मात्रेला आधारसूर बदललास तर सगळ्याचा चिखल होईल. आधारसूर स्थिर ठेवला, तर वरचे आवाज कितीही धावू देत, मागे राहिलेला नादसुद्धा त्यांना साथ करतो. माझं मत असं की या संगीताची निम्मी रचना पेरोतँने आणि त्याच्या आधीच्या लेओनँने केली, निम्मी गवंड्यांनी. तानपुऱ्यावर वाढलेल्या मुलीला यात ‘काही घडत नाही’ असं वाटावं, याचं मला खरोखर वाईट वाटलं. पुन्हा ऐक. रात्री, घरात, दिवा मालवून, स्पीकरवर ऐक. आणि जागा विचार.

स्वरलेखनाचा भाग तू बरा लिहिला आहेस. सातव्या शतकातल्या सेव्हिलच्या इसिदोरने म्हटलं होतं की नाद लिहिता येत नाहीत, माणसाने लक्षात ठेवले नाहीत तर ते नष्ट होतात. ते तू घेतलंस ते छान. पण त्यानंतर आलेल्या नुमांच्या खुणांना ‘सदोष लिपी’ का म्हणालीस? त्या खुणा नेमका स्वर सांगत नाहीत, कारण त्या वाचणारे साधू रोज दिवसातून अनेक वेळा एकाच गायनकक्षात उभे राहून तेच गात होते. चाल त्यांना पाठ होती, खूण फक्त वळण आठवून देई. ओळींचं स्वरलेखन पक्कं झालं ते ११व्या शतकात ग्विदोमुळे, आणि त्यालाही जागेचंच कारण आहे. तो अरेझोच्या कॅथेड्रलमध्ये लहान मुलांना शिकवत होता. त्यांना पाठ काहीच नव्हतं आणि शिकवायला वेळ कमी होता. म्हणून त्याने ओळी आखल्या, फा आणि दोच्या ओळींना रंग दिले, आणि संत योहानाच्या स्तोत्राच्या चरणांमधून उत्, रे, मी, फा, सोल, ला हे सूर मुलांच्या तोंडी बसवले. पूर्वी गायकाला दहा वर्षं लागत, आता एक-दोन वर्षांत होतं, असं त्याने स्वतः अभिमानाने लिहिलंय. शिक्षक म्हणून मला तो माणूस फार जवळचा वाटतो.

सोळाव्या शतकावर तू दोन पानं खर्ची घातलीस. त्यातला पेत्रुच्चीचा छापखाना, १५०१, व्हेनिस, एवढा भाग ठेव, बाकी कमी कर. त्याऐवजी तिथल्याच सान मार्को चर्चमध्ये थांब. जोव्हान्नी गाब्रिएलीची ‘सोनाता पियान ए फोर्ते’, १५९७. छापील संगीतात हळू आणि मोठ्याने असं लिहून देणाऱ्या सगळ्यात जुन्या रचनांपैकी ही एक. पण हळू म्हणजे काय, मोठ्याने म्हणजे काय, ते पाहिलंस का? वादकांचे दोन ताफे आहेत. एकच ताफा वाजवतो तिथे ‘पियान’, दोन्ही एकत्र येतात तिथे ‘फोर्ते’. समोरासमोरच्या सज्जांत उभी असलेली माणसं डोळ्यांसमोर आण. तिथे आवाज लहान-मोठा होतो तो माणसं कुठे आणि किती उभी आहेत त्यावरून. कोणाच्या बोटांच्या जोरावरून नाही. आणि दहाच वर्षांनी, १६०७मध्ये, मोन्तेव्हेर्दी मांतुआच्या राजवाड्यातल्या एका दालनात, अकादमीच्या निमंत्रितांपुढे ‘ऑर्फेओ’ हा ऑपेरा सादर करतो. तिथे मेंढपाळांसाठी रेकॉर्डर आणि तंतुवाद्यं, पाताळासाठी कॉर्नेट, ट्रॉम्बोन आणि रिगल नावाचा नाकात बोलणारा छोटा ऑर्गन. रिगलचा तो घोगरा आवाज दालनात अंगावर काटा आणतो. मोठ्या कॅथेड्रलमध्ये तो हरवला असता.

आता क्लॅविकॉर्ड. इथे मी लांबण लावणार आहे, तुला वाचावंच लागेल.

तू त्याला ‘अत्यंत क्षीण आवाजाचं सरावाचं वाद्य’ म्हणालीस आणि एका ओळीत उरकलंस. आता ऐक. पट्टी दाबली की तिच्या टोकाची पितळी पट्टिका तारेला टेकते आणि टेकूनच राहते. बोट खाली आहे तोवर तार तुझ्या बोटाशी जोडलेली असते. हार्पसिकॉर्डमध्ये पीस तारेला छेडून निघून जातं, पियानोत हातोडी आपटून मागे पडते; क्लॅविकॉर्डमध्येच तेवढं बोट सुराला सोडत नाही. बोट किंचित दाबलंस की सूर थरथरतो, जर्मन लोक त्याला बेबुंग म्हणतात. आंदोलन, बाळ! कळफलकाच्या वाद्यावर आंदोलन! बाखचा मुलगा एमानुएल याने १७५३च्या त्याच्या ग्रंथात लिहिलंय की वादकाची खरी पारख क्लॅविकॉर्डवरच होते. आणि हे वाद्य घरोघरी होतं त्याला कारण होतं. ऑर्गनवादकाला सराव करायचा तर भाते हलवायला माणूस हवा, त्याला पैसे द्यायला हवेत, आणि हिवाळ्यात चर्च गोठलेलं. म्हणून घरात, टेबलावर ठेवता येईल असं हे वाद्य. घरातली मुलं झोपलेली असताना वाजवता येईल असं. त्याचा आवाज क्षीण नाही. तो त्या खोलीएवढा आहे.

मी लायप्झिगच्या वाद्यसंग्रहालयात १५४३ सालचा दोमेनिको दा पेझारोचा क्लॅविकॉर्ड पाहिला. सन कोरलेल्या क्लॅविकॉर्डांमध्ये तो सगळ्यात जुना. त्याच संग्रहालयात पियानोचा जनक क्रिस्तोफोरी याचा १७२६चा पियानोही आहे. लेकीकडे जर्मनीला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. तोवर केस पिकले होते. पुढे तिथल्याच एका निवृत्त कारागिराकडचा, त्याने स्वतः बनवलेला क्लॅविकॉर्ड विकत घेतला आणि पुण्याला आणला. पहिल्यांदा वाजवला त्या रात्री मला झोप लागली नाही. आयुष्यभर मुलांना बाखच्या ‘इन्व्हेन्शन्स’ शिकवत आलो, पण ती बोटांना नेमकं काय सांगतात ते मला कोणी सांगितलं नव्हतं. तरुणपणी मी हे विचारलं होतं. उत्तर मिळालं, ‘हे परीक्षेला येत नाही.’ ज्यांनी ते उत्तर दिलं त्यांनी माझ्यावर खूप माया केली, त्यांचा दोष काढत नाही. पण तेव्हा कोणी एवढंच म्हणालं असतं की आधी जागा विचार, तर मी तीस वर्षांचा असताना तिथे पोचलो असतो जिथे म्हातारपणी पोचलो. म्हणून तुझ्यामागे लागलोय.

लोक मला हट्टी म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. एका शहरात मोठ्या सभागृहात क्लॅविकॉर्डचा कार्यक्रम ठरला होता. आयोजकांनी माइक लावायचा आग्रह धरला. मी म्हटलं, निम्मे लोक रंगमंचावर माझ्याभोवती सतरंजीवर बसू देत, अर्ध्या तासाने बाकीचे येतील, मी दोनदा वाजवतो. ते म्हणाले, असं कुठे असतं का! मी वाद्य गाडीत घातलं आणि परत आलो. पुष्कळ बोलणी खाल्ली. कलेचा प्रसार नको आहे याला, असंही कोणी म्हणालं. मला प्रसार हवाच आहे. पण माइकमधून जे पोचलं असतं त्यात पट्ट्यांची खडखड मोठी झाली असती आणि बेबुंग मेलं असतं. लोक घरी जाताना म्हणाले असते, ‘जुनी वाद्यं अशीच असायची, बिचारी.’ म्हणजे तुझ्या मसुद्यातलंच वाक्य शंभर माणसांच्या डोक्यात मी माझ्या हाताने पेरलं असतं. पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा गाडीत घालीन. तू मोठी झालीस की तुलाही कोणी तरी असंच म्हणेल, ‘थोडी तडजोड करा.’ वेळेची कर, मानधनाची कर. जागेची करू नकोस.

हार्पसिकॉर्डबद्दल तू लिहितेस की त्याला आवाज लहान-मोठा करता येत नव्हता ‘म्हणून पियानोची गरज निर्माण झाली’. गरज कोणाला वाटली, ते सांग ना! फ्रेंच संगीतकार फ्रान्स्वा कूपरँने १७१३च्या आपल्या पहिल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत ही अडचण मान्य केली आहे: हार्पसिकॉर्डचे सूर फुगवता येत नाहीत, ओसरवता येत नाहीत. पण पुढे तो काय म्हणतो? जे वादक आपल्या कलेने आणि अभिरुचीने या वाद्यातून भाव काढतील त्यांचा मी ऋणी राहीन. त्याने नवं वाद्य मागितलं नाही, चांगला वादक मागितला. सूर किंचित उशिरा आणणं, किंचित आधी सोडणं, अलंकार, या सगळ्यातून त्याचा भाव येतो, आणि पॅरिसमधल्या त्या दालनांत वादकापासून हातभर अंतरावर बसलेल्यांना तो ऐकू येत होता. तिकडे अँटवर्पचे रुकर्स घराणे सोळाव्या शतकापासून जी वाद्यं बनवत आलं, ती फ्रेंच कारागिरांनी अठराव्या शतकात रुंद करून, पट्ट्या वाढवून पुन्हा बांधली. जुनं टाकून दिलं नाही, नव्या दालनाच्या मापाचं केलं.

आणि क्रिस्तोफोरी! पादुआचा हा माणूस १६८८ला फ्लॉरेन्समध्ये राजपुत्र फेर्दिनान्दो दे मेदिचीच्या पदरी लागला. १७००च्या दरबारी यादीत त्याच्या नव्या वाद्याची नोंद आहे, हळू आणि मोठ्याने वाजणारं. हातोडी तारेवर पडून लगेच सुटावी ही करामत त्याने जवळजवळ पहिल्याच झटक्यात अशी साधली की आजही थक्क व्हायला होतं. पण १७११मध्ये शिपियोने माफेईने या वाद्यावर लेख लिहिला तेव्हा काय तक्रारी नोंदवल्या माहीत आहे? आवाज मंद आहे, बोथट आहे, हार्पसिकॉर्डइतका मोठा नाही. आणि माफेईचं उत्तर: हे दालनातलं वाद्य आहे, चर्चसाठी किंवा मोठ्या वाद्यवृंदासाठी नाही. तुझा ‘परिपूर्ण’ पियानो जन्मला तेव्हा मृदू होता, लाकडी चौकटीचा, कातडं लावलेल्या हातोड्यांचा. आज तू ज्यावर वाजवतेस त्यात ओतीव लोखंडी चौकट आहे आणि पोलादी तारांचा ताण वीस टनांच्या आसपास. ही चौकट एकोणिसाव्या शतकात आली. अखंड लोखंडी चौकटीचं पेटंट बॉस्टनच्या बॅबकॉकने १८२५मध्ये घेतलं. का आली? तिकीट काढून शेकडो माणसं मोठ्या सभागृहात बसू लागली म्हणून. त्याच काळात क्रेमोनाच्या जुन्या व्हायोलिनांच्या, अगदी स्त्रादिव्हारीच्यासुद्धा, माना बदलल्या, आतली आधारपट्टी जाड केली, तारांचा ताण वाढवला. जागा बदलली म्हणून वाद्याचं शरीर बदललं. आपल्याकडे हेच व्हायोलिन बाळुस्वामी दीक्षितरांनी मद्रासेत युरोपीय वादकाकडून शिकून घेतलं, आणि दक्षिणेत ते जमिनीवर मांडी घालून, टोक पायाशी टेकवून वाजू लागलं. त्याच सुमारास तंजावरच्या सरफोजीराजांच्या, म्हणजे भोसल्यांच्याच, दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा ताफा होता. ‘हे आपलं आहे का’ हा तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न मला परत विचारू नकोस.

आता तुझं पेडल.

सरांचं म्हणणं, बाखला पियानो मिळाला असता तर. मिळाला होता! झिल्बरमान या जर्मन वाद्यकारागिराचे सुरुवातीचे पियानो बाखने पाहिले. आवाज वाखाणला, पण वरचे सूर दुबळे आणि पट्ट्या जड आहेत असं तोंडावर सांगितलं. झिल्बरमान रुसला, मग सुधारणा केल्या. १७४७मध्ये पॉट्सडॅमला फ्रीडरिख राजापुढे बाखने त्याच्या पियानोंवर वाजवलं. तेव्हा तो मुद्दा सोडून दे. बाईंचं म्हणणं, सूर सुटे. पण हार्पसिकॉर्ड काही कोरडा नसतो, त्यात बोटं धरून ठेवून सूर एकमेकांत मिसळू देतात, आणि दालनाचं लाकूड, फरशी, उंच छत उरलेलं काम करतं. १७२२च्या त्या प्रेल्यूडच्या वहीवर बाखने नुसतं ‘क्लाव्हिअर’ लिहिलंय, कुठलाही कळफलक. जो कळफलक, जी खोली, त्याप्रमाणे. उजवं पेडल दाबलं की सगळ्या तारा मोकळ्या होतात. म्हणजे तू खोलीत नसलेली घुमट जागा पायाने निर्माण करतेस. तुझ्या फ्लॅटमध्ये गाद्या, पडदे, पुस्तकं. तिथे सूर लगेच मरतो, तेव्हा पाव पेडल घे आणि लाजू नकोस. चर्चमध्ये वाजवायची वेळ आली तर पाय मागे घे. आधी बोटांनी जोडायला शीक, मग खोलीत एक सूर वाजवून तो कधी संपतो ते ऐक, मग ठरव. बाई आणि सर दोघंही आपापल्या सभागृहात बरोबर आहेत. तू तुझ्या खोलीत आहेस.

पियानो सोडण्याचा निर्णय हार्पसिकॉर्डसमोर बसल्याशिवाय घेऊ नकोस. ध्वनिमुद्रण ऐकून वाद्य निवडायचं नाही. मी ओळखीने एक-दोन ठिकाणी विचारून ठेवतो. गोव्यात जाणार आहेस म्हणालीस. सोळाव्या शतकापासून तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना गायन आणि ऑर्गन शिकवत असत. ज्या भिंतींसाठी हे संगीत होतं तशा भिंती पाहायला तुला विमानाचं तिकीट लागणार नाही. प्रार्थना सुरू नसताना, परवानगी विचारून, जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलच्या मध्यभागी उभी राहून एक लांब सूर लाव आणि गप्प हो. मग तिथल्याच बाँ जेझू चर्चमध्ये तेच कर. दोन्हीकडे काय ऐकू आलं ते पानभर लिही. निबंधाची सुरुवात तिथून होऊ दे. ‘प्राथमिक’, ‘परिपूर्ण’, ‘विकसित’ हे तीन शब्द सगळ्या मसुद्यातून काढून टाक आणि मग काय उरतं ते मला पाठव. अर्जाची मुदत जवळ आली आहे, त्यामुळे महिनाअखेरच्या आत पाठव. ‘सर, वेळ मिळाला नाही’ हे ऐकून घेणार नाही.

पुण्याला आलीस की घरी ये. क्लॅविकॉर्ड वाजवायचा तर पंखा बंद ठेवावा लागतो, तेव्हा सकाळी लवकर ये, उकाडा व्हायच्या आधी.

अनेक आशीर्वाद,
सर

ता. क. ट्रिल, म्हणजे शेजारचे दोन सूर भरभर आलटून-पालटून, वरच्या सुरापासून की मुख्य सुरापासून, हे विचारायचं तू विसरली नव्हतीस, मीच उत्तर द्यायचा राहिलो. बाखने १७२०मध्ये थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, सुरू केलेल्या वहीत अलंकारांचा तक्ता स्वतः लिहून दिलाय. त्यात ट्रिल वरच्या सुरापासून सुरू होतो. तू तसंच कर. कोणी हटकलं तर तो तक्ता दाखव.